जुन्या कार्डाचा पत्ता

“मग उत्तर येत का नाही, सर?”

सौमित्रचा आवाज चढला होता.

दवाखान्याच्या सर्व्हर रूममध्ये दोघंच होते. खांबेटे सरांचा अख्खा जन्म या खोलीत गेला. सौमित्रला काम त्यांनीच शिकवलं. आता ते निवृत्त झाले होते आणि खोली सौमित्रची होती. तरी सर रोज येत, दाराजवळच्या स्टुलावर बसत. एवढं स्टूल राहू दे, असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं होतं. सौमित्रने उत्तर दिलं नव्हतं.

आज सर्व्हरचं नेटवर्क कार्ड बदललं, तरी लॅबचे रिपोर्ट वॉर्डात पोचत नव्हते.

“दाखव.”

पडद्यावर नव्या कार्डाची आकडेवारी. पाठवलेली पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, भराभर वाढत होती. आलेली... एक-दोन, मग काहीच नाही.

“कार्ड नवंकोरं आहे, वायर नवी आहे. पत्तासुद्धा बरोबर आहे.”

“कुणाचा पत्ता?”

“जुन्या कार्डाचा. नव्यावर हाताने टाकला. आपलं नेटवर्क तोच ओळखतं ना! तुम्हीच शिकवलंत.”

“आणि जुनं?”

“ते मेलं, सर.”

“कशावरून?”

“त्या कोपऱ्यातल्या मशीनला लावून बघितलं. दिवासुद्धा लागला नाही.”

“थोडा वेळ थांबला होतास?”

सौमित्र हसला. “त्याच्या उशाशी बसून राहू का?”

सर उठले. कोपऱ्यातल्या मशीनपुढचं रिकामं खोकं त्यांनी सरकवलं.

मागे जुन्या कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

सौमित्र खाली वाकला. एकाच पत्त्यावर दोघं, जुनं कार्ड आणि नवं. वॉर्डाचं उत्तर कधी इकडे, कधी तिकडे...

सरांनी मशीन बंद केली. स्क्रू काढला, कार्ड उपसलं.

पडद्यावर आलेल्या पॅकेट्सचा आकडा धावू लागला. फोन वाजला. वॉर्डातल्या सिस्टर होत्या. रिपोर्ट मिळाले.

“सुटलो बुवा!” सौमित्र म्हणाला. मग नजर चुकवत, “सर... उद्यापासून नाही आलात तरी चालेल. म्हणजे, लोक अजून तुम्हालाच विचारतात. निम्मं माझ्यापर्यंत पोचतच नाही.”

सरांनी स्टुलाकडे पाहिलं, बसले नाहीत.

“ते द्या इकडे. भंगारात टाकतो.”

सरांनी कार्ड त्याच्या तळहातावर ठेवलं.

“थोडं थांब,” ते म्हणाले. “अजून गरम आहे.”