ठकूआत्याचं 'नको'

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात घंटा ओतण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय सांगू! भट्टी पेटली की शंभर पावलांवर धग लागायची, आणि वितळलेल्या कांशाचा तो लालभडक रस पाहून बघणारा जागीच खिळायचा.

तिथली एक रीत होती. साच्यात रस सोडण्याआधी मालक ओतारी चाळीसही कामगारांना एकेक करून विचारायचा, "ओतू का?" एकानं जरी "नको" म्हटलं, तर काम थांबलं म्हणजे थांबलं.

एकदा राजानं दोन पुरुष उंचीची घंटा सांगितली. मुहूर्ताला प्रधान स्वतः आले. मुहूर्त हुकला तर राजाचं काम कायमचं जाणार होतं, आणि कारखाना चालायचा त्याच कामावर.

ओतारी विचारत निघाला. सगळे "ओता" म्हणाले. शेवटी उरली माती मळणारी म्हातारी ठकूआत्या.

"आत्या, ओतू का?"

"नको रे बाबा! आत्ताच तळाशी हात घालून आले. साचा अजून ओला आहे, रस पडताच वाफेनं फुटेल."

प्रधान भडकले. "माती मळणारी बाई राजाचं काम अडवणार? ओत मुकाट्यानं!"

चाळीस घरांच्या चुली त्या घंटेवर होत्या. तरी ओतारी म्हणाला, "प्रधानजी, आत्या नको म्हणाली. मी ओतणार नाही."

"मग पळीभर ओतून दाखव. कळू दे तिचं खोटं!"

ओताऱ्यानं सगळ्यांना भिंतीआड पाठवलं. लांबलचक पन्हळीतून पळीभर रस साच्यात सोडला, आणि धडाम! बाप रे, काय तो आवाज! साच्याच्या ठिकऱ्या झाल्या, छपराची कौलं उडाली. चाळीस जण जिथं उभे राहणार होते, तिथं मोठा खड्डा पडला.

धुरळा बसल्यावर सगळे भिंतीआडून बाहेर आले.

"मुहूर्ताचं मी राजांना सांगतो," प्रधान कसेबसे म्हणाले. मग कामगारांकडे वळले. "तुमच्यासारखी माणसं राजाच्या कारखान्यात हवीत. चला, पक्की घरं देतो."

कुणी जागचं हललं नाही. ठकूआत्या पदराला हात पुसत म्हणाली, "घर माझं गळकंच आहे, प्रधानजी. पण उभ्या जन्मात मला 'तुझं काय म्हणणं?' असं विचारणारा हा मालक एकच भेटला. माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी विचारलं नाही हो!"

प्रधान तिच्या मातीनं माखलेल्या हातांकडे बघत राहिले. मग भर कारखान्यात, सगळ्यांदेखत, त्यांनी वाकून आत्याला नमस्कार केला.

तात्पर्य एवढंच: पोटासाठी माणूस कुठंही राबतो, पण जिथं त्याच्या शब्दाला मान असतो, तिथून त्याचा पाय निघत नाही.