वर बघून प्यायचं पाणी

थांबा पाव्हणं, ओंजळ बुडवू नका. झराईच्या तळ्यावर आपल्या हाताने कुणी पाणी पीत नाही. वरच्या टेकवाडीच्या माणसाला खालच्या ओढवाडीच्याने पाजायचं, ओढवाडीच्याला टेकवाडीच्याने. आणि पिणाऱ्याने मान वर करून पाजणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. नजर खाली गेली की तांब्या थांबतो. अर्धं पाणी गळ्यावरून सदऱ्यात जातं, जाऊ दे. बसा त्या पायरीवर, सांगते.

फार मागे टेकवाडी वणव्यात जळाली. ओढवाडीने तिथल्या माणसांना घराघरांत घेतलं, पावसाळाभर सांभाळलं, असं सांगतात. तेव्हा दोन्ही गावांनी या पाण्यात हात घालून झराईदेवीची शपथ घेतली. तुमची तहान ती आमची, आमची ती तुमची. शपथेला टेकवाडीचा हैबतराव पाटील सगळ्यांत पुढे होता म्हणे.

मग दुष्काळ आला. ओढा आटला, विहिरी आटल्या, पाणी उरलं ते या तळ्यात. तळं टेकवाडीच्या हद्दीत. पाटलाने बांधावर काठ्या घेतलेली माणसं उभी केली. ओढवाडीच्या ठकूबाईची लेक गोजरा तापाने फणफणली होती, पाणी पाणी करत होती. ठकूबाई घागर घेऊन धावत आली. हैबतराव त्या उंबराखाली बसून दाढी करून घेत होता. वणव्यानंतर याच्याच पोरांना हिने आपल्या चुलीवरचं खाऊ घातलं होतं, बरं का.

"पाटील, घागर राहू द्या," ती म्हणाली. "त्या दाढीच्या वाटीतलं तरी द्या."

त्याने आरशातून नजर काढली नाही. "उद्या बघू," म्हणाला. मेल्याला मान वर करायचं जड झालं. सांगताना अजून माझ्या अंगाची लाही होते.

ठकूबाई घरी पोचली तेव्हा गोजरा गेली होती.

लेकीला माती देऊन ती परत इथे आली. रडली नाही. झराईच्या दगडावर घागर आपटून फोडली आणि म्हणाली, "आई, तुझी शपथ मोडली. आता यांच्या हातचं पाणी यांच्या ओठाला लागू देऊ नको."

देवीने ऐकलं. टेकवाडीच्या माणसाने ओंजळ भरली की बोटांतून गळून जायची, भरलेला हंडा घरी जाईपर्यंत कोरडा. ठकूबाई समोर बसून बघत राहिली. तिला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण तिचाही घसा सुकला. तिने पाण्यात हात घातला, तर तिच्याही हातात थेंब टिकेना. तेव्हा एका म्हातारीच्या अंगात झराई आली आणि बोलली म्हणे, शपथ दोघांची, तर शापही दोघांना. आता प्याल ते एकमेकांच्या हातून.

तरी कुणी हललं नाही. दोन्ही गावं दोन काठांवर, आणि मध्ये एवढं पाणी. ठकूबाईने ठरवलंच होतं, मी मरेन, पण हा पाटीलही मरेल. शेवटी हैबतराव पायऱ्या उतरून आला. ओठ फाटलेले, ओंजळ पुढे, मान खाली. तिने तांब्या भरला आणि तसाच धरून ठेवला. मेला तर आज सुटेल, तिच्या मनात आलं. जगला तर जन्मभर, घोटाघोटाला, गोजराच्या आईचं तोंड बघेल.

"वर बघ," ती म्हणाली.

त्याने बघितलं. मग तिने ओतलं. तो प्याला, आणि मग तांब्या त्याच्या हातात देऊन तिने ओंजळ धरली. लेकीला ज्याने वाटीभर पाणी दिलं नाही त्याच्याच हातचं तिला प्यावं लागलं, मरेपर्यंत. लोक म्हणतात, तिने क्षमा केली. काही क्षमाबिमा केली नाही. आमच्या घरात तसं कुणी कधी सांगितलेलं नाही.

हो, आमच्याच घरातली ती. आजही चैत्रात, गोजराच्या दिवशी, पाटलांच्या घरचा माणूस या पायरीवर येतो. हल्ली मोटारीतून येतो, घाईत असतो. मी तांब्या भरते आणि धरून ठेवते. तो वर बघतो. मी पुरेसं बघून घेते, मग ओतते.

मग तांब्या त्याला देते, आणि ओंजळ मी धरते.