हणमा मिस्त्रीचा नवा सायलेन्सर

गाडी फाटक्या आवाजात खोकायला लागली, म्हणून नाक्यावरच्या हणमा मिस्त्रीकडं टाकली. लिंबाखालच्या बाजेवर पडलो. गार वारं सुटलं, होले घुमत व्हते, अन् मी बाजेसकट ढगात तरंगायला लागलो.

डोळा उघडला तर मिस्त्री म्हणतो, "आबा, सायलेन्सर नवा टाकला. चार हजार झाले."

खिशात तेवढेच व्हते, अन् ते म्हातारीच्या चष्म्याचे.

"जुना दाव की."

त्यानं भंगारातनं एक ओढत आणला. माझ्या गाडीपेक्षा हातभर लांब!

मी त्याच्यावरनं मायेनं हात फिरवला. "लई वर्सांचा सोबती हाय रं. ह्योच परत बसव, नवा तुला ठेव."

मिस्त्री एकदा सायलेन्सरकडं बघी, एकदा गाडीकडं. शेवटी पुटपुटला, "आबा, नुसतं वेल्डिंग मारलंय. शंभर द्या."