मागची खोली

“…मग एकही का टिकला नाही, तात्या?”

तात्या डॉक्टर माझी पोटरी धूत होते. भाताच्या रोपांची जागा भाजायची, त्या राबासाठी झाडाच्या डहाळ्यांचा कवळ तोडताना कोयती निसटली होती माझी. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे डॉक्टर सुहास मोहरीर. शहरातल्या मोठ्या कॉलेजात आता डॉक्टर घडवतात. तरुणपणी आमच्या या डोंगरातल्या दवाखान्यात तात्यांच्या हाताखाली शिकले, ते त्यानंतर आजच आले. काखेत त्यांनी स्वतः लिहिलेलं जाड पुस्तक होतं.

“इतके जण तुमच्याकडे शिकून गेले,” सुहास म्हणाले. “एक तरी राहायला हवा होता.”

“शिकवण्यात काहीतरी राहिलं असेल माझ्या.”

“काय राहिलं?”

“ते कळलं असतं तर शिकवलं नसतं का रे?”

सुहास हसले. पुस्तक बाकावर माझ्याशेजारी ठेवलं.

“मी सांगतो. केस पिकले माझे यात. डॉक्टर खेड्यात का राहत नाहीत, हेच शोधत फिरलो. शिकणाऱ्या पोरांशी बोललो, सोडून गेलेल्यांशी बोललो. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, एकटेपणा, हाताशी साधनं नाहीत… कारणं आता पक्की सापडलीत.”

“चांगलं केलंस. आणि तुझं यातलं कुठलं?”

“मी संशोधक आहे, तात्या. संशोधकाने स्वतःला मोजायचं नसतं.”

“असं होय.”

तात्यांनी मला बधिर करायची सुई टोचली. जागा सुन्न व्हायची वाट बघत थांबले. सुहास इकडेतिकडे बघत होते. बघता बघता मागच्या दारापाशी नजर थांबली.

“मागच्या खोलीत आता कोण असतं?”

“कोणी नाही.”

“चुना तर ताजा दिसतोय.”

“भिंतीला चुना लागतोच की.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “बियाण्याची कणगी ठेवायला मी दरसाल मागतो ती खोली. देत नाहीत. म्हणतात, असू दे धाकू, माणूस यायचाय.”

“कोण माणूस?”

“धाकू,” तात्या म्हणाले, “पाय हलवू नकोस.”

पाय हलला नव्हता माझा.

ती खोली सुहासचीच. शिकायला होते तेव्हा तिथंच राहायचे. जाताना पुढच्या उंबऱ्यावरून म्हणाले होते, “येतो, तात्या.” आता जाणारा माणूस येतो म्हणतो, ही आपली रीतच आहे. तात्यांनी रीत म्हणून ऐकलं नाही, एवढंच.

तात्यांनी चिमट्यात टाक्याची सुई धरली. हात थरथरायला लागला. चिमटा खाली ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच…

“यंदापासून असं झालंय,” ते म्हणाले. “गोळ्या देतो अजून. शिवणं होत नाही. पाऊस लागायच्या आत कुलूप लावायला लागेल इथं.”

“कुलूप कशाला? मी वर बोलतो. नवीन पोरगा पाठवायला सांगतो कुणीतरी.”

तात्यांनी चिमटा सुहासपुढे धरला.

“तात्या, मी शिकवतो आता, लिहितो. टाका घालून वर्षं झाली.”

चिमटा तसाच पुढे.

मी म्हटलं, “घाला डॉक्टर. वाकडा गेला तरी चालेल. मला कुठं कोणाला पोटरी दाखवायचीय?”

सुहासनी घड्याळ काढलं, बाह्या सारल्या, हात धुतले. माझ्या पायाशी जमिनीवर बसले. पहिला टाका हळू घातला. दुसऱ्यापासून हात आपला आपण चालायला लागला. टाके घालताना ते खालचा ओठ मुडपतात. पूर्वीही मुडपायचे. भाताचं रोप ओळीत लावावं तसे टाके पडत गेले.

तात्या वाकून बघत होते. पोटरीकडे नव्हे, त्या हाताकडे.

“हात विसरला नाही हं,” ते म्हणाले.

सुहासनी वर बघितलं. तोंडावर विशीतल्या पोरासारखं हसू होतं. पट्टी बांधून झाली तरी उठले नाहीत. माझ्या पायावर हात ठेवून बसून राहिले. एकदा मागच्या दाराकडे बघितलं…

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

“उद्या दिल्लीला आहे,” ते म्हणाले. “या पुस्तकावरच बोलायचंय.”

“मग उशीर नको करूस.”

सुहासनी घड्याळ मनगटावर चढवलं. पुस्तक तात्यांच्या टेबलावर ठेवलं, पाया पडले. उंबऱ्यापाशी बूट घातले, आणि सवयीनं तोंडातून गेलं,

“येतो, तात्या.”

शब्द गेले आणि ते तिथंच थांबले.

तात्या हात पुसत होते. कोरडे झाले तरी पुसत राहिले…

“या खेपेला जातो म्हण, सुहास. धाकूची कणगी ठेवून घेतो.”