खारीची चाळीस बोळकी

सागाच्या एका दाट जंगलात एक खार राहत असे. राहत असे म्हणायचं खरं, पण तिला घरी राहायला वेळ कुठे होता? सकाळी उठावं, शेपटी झटकावी आणि जे पळत सुटावं ते ऊन उतरल्यावरच परत यावं. मुलांनो, तुम्ही म्हणाल, खार पळतेच, त्यात नवल ते काय! पण ही खार उगीच पळत नव्हती. जंगलातल्या सगळ्या तान्ह्या बाळांना गुटी पुरवायचं काम तिच्याकडे होतं.

सुरुवातीला ती नुसती मुळं आणि साली वाटत असे आणि सांगत असे, "वेखंडाचे दोन वेढे, हळकुंडाचे तीन, वर मधाचं बोट." आता झालं काय, सशिणीच्या घरची सहाण होती खरखरीत. दोन वेढ्यांतच गुटी अशी जहाल झाली की पिल्लू ओकून ओकून बेजार. लांडोरीची सहाण पडली गुळगुळीत. तिच्यावर दहा वेढे दिले तरी पाण्याला रंग येईना. दोघी तावातावाने भांडायला आल्या, तेव्हा खार म्हणाली, "माझ्या सहाणेवर तर नीट होते गं बाई!"

"मग तुझी सहाणच दे ना पाठवून," लांडोर फणकारली.

खार आधी रागावली, मग विचारात पडली, आणि दुसऱ्याच दिवशी तिने कुंभारीण माशीकडून मातीची छोटी छोटी बोळकी करून घेतली. एकेका बोळक्यात सगळं भरलं : मुळं, मध आणि एकाच जातीच्या दगडाची चिमुकली सहाण. आता बोळकं सागावर टांगा की चिंचेवर टांगा, आत गुटी तीच. आयांचा जीव भांड्यात पडला. ज्या झाडाखाली बाळ, त्या झाडावर बोळकं, असं करता करता जंगलात खारीची चाळीस बोळकी टांगली गेली.

पण चाळीस बोळकी भरणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. आज एकातला मध संपे, उद्या माकड दुसरं फोडे, परवा तिसरं वाऱ्याने पडे. खार एक भरून येईतो दोन रिकामी झालेली असत. आणि तिची स्वतःची तीन पिल्लं ढोलीत वाट बघत बसत. त्यातलं शेंडेफळ फार नाजूक होतं. थंडी पडली की त्याची छाती घरघर वाजे. खार त्याला गुटी देई, पण गुटीने कफ सुटतो, ऊब काही बोळक्यात भरून ठेवता येत नाही. एके दिवशी ती संध्याकाळी परतली, तर ते पिल्लू डोळे उघडून म्हणालं, "आई, तू आज थोडी बसशील का?" पौषातली कडाक्याची थंडी तोंडावर आली होती. आता कुणाच्या तरी हाती बोळकी सोपवायची आणि थंडीभर बाळाला पोटाशी घेऊन बसायचं, असं तिने ठरवलं.

तिने जंगलात निरोप धाडला, "माझी चाळीस बोळकी कोण सांभाळील? वडाखाली या, करून दाखवा." आणि वडाखाली तिने चाळीस नवी बोळकी मांडली, शेजारी काही राखीव ठेवली. मध सांडून वाया जाऊ नये म्हणून ती तिने सगळी रिकामीच ठेवली. जपून वागणारी बाई ती, तिला वाटलं, आपण फार शहाणपणा केला.

पहिल्यांदा मुंग्यांची मुकादमीण आली. तिच्यामागे रांग, रांगेमागे रांग. ती म्हणाली, "बाई, आमचं काम चोख. प्रत्येक झाडाशी एक चौकी, प्रत्येक चौकीवर दहा जणी, दहा जणींवर एक नाईक, चार नाइकांवर एक जमादारीण. बोळकं फुटलं की दुसरं आलंच समजा."

"अगोबाई! मग मी काहीच करायचं नाही?"

"तुम्ही फक्त आमचे एकशेवीस नियम शिकायचे. हुशार असाल तर चैत्रापर्यंत येतील. आणि आमच्या साडेचारशे जणींना रोज साखर लागते, ती तुम्ही आणायची."

खारीला झालं, भीक नको पण कुत्रं आवर! मुकादमीण मात्र मनाने स्वच्छ होती. खारीचं उतरलेलं तोंड पाहून ती हळूच म्हणाली, "खरं सांगू का? आमची व्यवस्था हजार झाडांच्या जंगलाची आहे. तुमच्या चाळीसांना ती झेपायची नाही." आणि रांग आली तशी निघून गेली.

मग आभाळातून घार उतरली. काय तो रुबाब! तिने एकाच वेळी पाच पाच बोळकी पंजात उचलली आणि बघता बघता चाळीसच्या चाळीस झाडांवर टांगून पुन्हा वडाखाली आणून ठेवली. राखीव बोळकी तिने एका मोठ्या टोपलीत घातली आणि ती टोपली काटेरी सावरीच्या झाडाच्या शेंड्यावर अशी काही गाठ मारून बांधली की बघणाऱ्याने बघतच राहावं. "ही गाठ माझ्याशिवाय कुणाला सुटत नाही," ती म्हणाली, "म्हणजे चोरीची चिंता नाही. मी वर घिरट्या घालीन. मला उंदराची मिशीसुद्धा दिसते, मग बोळकं नाही दिसणार? तू निवांत झोप." खारीने मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

सगळ्यात शेवटी आली साळुंकी. एकटी नाही, नवऱ्याला घेऊन, आणि दोघांची वाटेतच काहीतरी धुसफूस चाललेली. आल्या आल्या तिने बोळक्यात चोच घातली. "अगं, ही तर रिकामी! रिकाम्या बोळक्यांची कसली परीक्षा घेतेस?"

"तुला टांगता येतं का ते दाखव," खार म्हणाली.

"टांगायचं काय त्यात! आम्ही साळुंक्या, प्रत्येक झाडावर आमचं एक तरी बिऱ्हाड आहे. जिथे राहतो तिथलंच बोळकं बघायचं. पण मला सांग, हे फुटलं तर?" आणि असं म्हणून साळुंकीने एक बोळकं चोचीने ढकललं. ते दगडावर पडून फुटलं. लगेच तिने साद घातली, पलीकडच्या झाडावरून दुसऱ्या साळुंकीने उत्तर दिलं, आणि तिथून एक बोळकं निघालंही होतं. पण खारीने तिकडे पाहिलंच नाही. तिला फक्त खापऱ्या दिसल्या.

"मी तुला सांभाळायला बोलावलं की फोडायला?" ती कडाडली. "रीत नाही, भात नाही! जा इथून!"

साळुंकीचा चेहरा पडला. जाता जाता ती एवढंच म्हणाली, "आभाळातून बोळकी राखायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं गं, खारूताई." आणि नवरा-बायको उडून गेली. खारीने ते कानाआड केलं, घारीला होकार दिला आणि टोपलीतली राखीव बोळकी भरून दिली.

खोटं कशाला बोलावं, पहिले आठ दिवस अगदी सुखाचे गेले. आकाश निरभ्र, ऊन स्वच्छ. बोळकं रिकामं झालं की वरून घार झेपावलीच. खार ढोलीत बसून होती. शेंडेफळ तिच्या शेपटीत गुरफटून झोपत होतं आणि त्याची घरघर कमी कमी होत चालली होती. खार त्याचं डोकं चाटत म्हणे, "आता नाही हं जायची मी कुठे."

नवव्या दिवशी सकाळी धुकं पडलं. हाताशी धरलेली फांदी दिसू नये असं धुकं! बाळ कुडकुडत होतं, म्हणून खार त्याला आणखी जवळ घेत होती, इतक्यात ढोलीखाली खुरांचा आवाज आला. हरिणी होती. धापा टाकत ती म्हणाली, "खारूताई, आमच्या ऐनाच्या झाडावरचं बोळकं पडून फुटलंय. पाडसाला खोकल्याची उबळ आलीय, श्वास पुरत नाही त्याला. गुटी दे गं!"

"घार कुठाय?"

"कोण जाणे! हाका मारमारून दमले."

खारीने आपल्या पिल्लाकडे पाहिलं. थोरल्या दोघांना ती म्हणाली, "ह्याला मध्ये घ्या. हलू नका." पिल्लाने तिची शेपूट धरली. ती सोडवून घेताना खारीचे डोळे भरून आले. पण पाडसालाही आई होती, आणि ती खाली उभी होती.

खार सावरीवर चढली. काटे टोचले, तरी चढली. शेंड्यावर घार पंख मिटून बसलेली. "मला काही दिसतच नाही गं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "धुक्यात मी उडू कशी? दोनदा उठले, दोनदा फांदीवर आपटले." खरंच तिचा पंख रक्ताळला होता. "निदान टोपली तरी सोड!" खार ओरडली. घारीने गाठीला चोच लावली, पण दवाने गाठ फुगून घट्ट झाली होती. तिची तिलाच सुटेना. शेवटी खारीने दातांनी वेल कुरतडायला घेतला. वेल तुटला तो एकदम! आख्खी टोपली धुक्यात खाली गेली आणि फटाफट फुटण्याचा आवाज तेवढा वर आला. एकही बोळकं वाचलं नाही.

ढोलीतल्या साठ्यातून नवं बोळकं भरून ऐनापर्यंत न्यायला दुपार झाली असती. आणि तिच्या लक्षात आलं की तिने घारीला एवढं सगळं करायला लावलं, पण धुकं पडलं तर काय, फुटलं तर काय, हे कधी विचारलंच नव्हतं. विचारणारी आली होती, तिला हाकलून दिलं होतं.

मग तिने लाज गिळली आणि असेल नसेल तेवढा जोर करून धुक्यात हाक मारली, "साळुंके! अगं साळुंके! चुकलं माझं!"

मग खालच्या एका झाडावरून आवाज आला, "चुकलं ते मागाहून बघू. बोळकं कुठलं फुटलंय?"

"ऐनावरचं!"

"ऐ-न!" साळुंकीने साद दिली. पुढच्या झाडावरून दुसरी ओरडली, तिथून तिसरी. धुक्यात दिसत कुणालाच नव्हतं, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. ऐनाजवळच्या मोहाच्या झाडावर अर्धं भरलेलं बोळकं होतं. तिथल्या जोडप्याने ते दोन चोचींत धरून पुढच्या फांदीवर दिलं, तिथल्यांनी त्याच्या पुढे दिलं. खार धावत धावत ऐनाखाली पोचली, तेव्हा पाडसाशी परतलेली हरिणी सहाणेवर वेखंडाचा दुसरा वेढा देत होती. गुटीचं बोट चाटून पाडस जरा वेळाने जोरात खोकललं, कफ सुटला, आणि त्याने भुकेने आईला ढुशी दिली. हरिणी हसत हसत रडू लागली.

"तुम्ही मदतीला आलात कशा गं?" खारीने त्या झाडावरच्या साळुंकीला विचारलं. "मी तर तुम्हा सगळ्यांचा अपमान केला होता."

"रुसवा तुझ्याशी आहे," ती म्हणाली, "पाडसाशी नाही. जा आता घरी, तुझं बाळ गारठलं असेल."

खार कशी पळाली म्हणता! पायाला काटे टोचलेले. मनात एकच, त्याने शेपूट धरली होती आणि मी सोडवून घेतली. ढोलीपाशी येऊन तिने आत डोकावलं. तिची तिन्ही पिल्लं दिसलीच नाहीत. दिसली ती वडाखाली आलेली साळुंकी. पंख पसरून, पिसं फुलवून ती ढोलीत बसली होती, आणि तिच्या पंखाखालून शेंडेफळाचं नाक तेवढं बाहेर आलेलं होतं. ते गाढ झोपलं होतं.

"हळू ये," साळुंकी कुजबुजली. "नवऱ्याला पाठवलं बोळक्यामागे आणि मी इथे आले. तुझी हाक ऐकली तेव्हाच कळलं, तू बाहेर म्हणजे पिल्लं एकटी."

खार साळुंकीच्या पंखाशी बिलगून बसली.

दुसऱ्या दिवसापासून चाळीसही बोळकी साळुंक्यांकडे गेली. घारीचा पंख बरा होईपर्यंत खारीने तिला हळदीचा लेप लावला, आणि पुढे उन्हाच्या दिवशी लांबून मध आणायचं काम घारीने आनंदाने केलं. साळुंक्या भांडत होत्या, कलकलाट करत होत्या, पण बोळकं काही रिकामं राहत नव्हतं.

पौष संपत आला तेव्हा एका दुपारी साळुंकी ढोलीशी आली आणि सहज म्हणाली, "परवा सकाळी जांभळावरचं बोळकं फुटलं होतं. काल चिंचेवरचं. दोन्हीकडे लगेच दुसरी लावली."

खार दचकून उठली. "अगं, मग मला हाक नाही का मारायची?"

"मारणार होते," साळुंकी म्हणाली. "पण दोन्ही वेळा तू बाळाला घेऊन झोपली होतीस."

तात्पर्य : ज्याच्या हाती आपलं काम सोपवायचं, तो चांगल्या दिवशी किती भरभर काम करतो हे पाहून भुलू नये, काही मोडलं तर तो आपल्याला न उठवता ते सावरील का, हे आधी पाहावं.