चाकावरची अनुमती

"...मग तुझ्या आत कोन हाय?"

"कुणी नाही," पद्माकर म्हणाला. पापणी लवायच्या आत उत्तर तयार.

आवडाईनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही.

लंडनला थेम्सच्या काठावर जे अजस्र चाक आहे, त्याच्या एका काचेच्या डब्यात ही दोघं होती. डबा नुकताच जमिनीवरून सुटला होता. पद्माकर उपळेकर हा मूळचा दातांचा डॉक्टर. दवाखाना मुलीवर सोपवून आता पूर्णवेळ 'पद्मदादा' झालेला. आवडाई ही माण तालुक्यातल्या एका लहानशा मठाची गुरुमाय. त्यानं मंत्र घेतला होता तो तिच्याकडून. आता तोच मंत्र दुसऱ्यांना द्यायला तिची अनुमती हवी होती. त्यासाठी सहा वर्षं तो झुरत होता.

मठाची रीत अशी की अनुमती मठात मिळत नाही. शिष्य सांगेल त्या जागी गुरूनं जायचं आणि एकच प्रश्न तीनदा विचारायचा. आधीच्यांनी कुणी विहिरीचा काठ निवडला होता, कुणी मसणवटा. पद्माकरनं हे चाक निवडलं आणि अख्खा डबा दोघांसाठी राखून ठेवला. इतक्या वरून माणसं मुंगीएवढी दिसतात, तिथं मीपण कुठलं उरायला, असा त्याचा अंदाज. उत्तराची तर चिंताच नव्हती. ते मठातल्या मांजरालाही पाठ होतं.

खात्री इतकी की खाली नदीच्या कठड्याशी त्यानं भक्तांची रांग आधीच लावून ठेवली होती. नोव्हेंबरची थंडी. बायका साडीखाली लोकरी मोजे घालून उभ्या, पुरुष कानटोप्या घालून. पुढे त्याच्यासाठी एक घडीची खुर्ची. उतरला की लगेच अनुग्रह द्यायला सुरुवात. गुडघ्याला बाशिंग बांधणं म्हणतात ते हेच.

डबा चढत गेला. चाक हलतंय हे जाणवत नव्हतं, खालचं गावच खोल जात होतं. आवाज कसलाच नाही.

"आई, बघा तरी. सगळं एकसारखं दिसतं इथून."

आवडाई बाकावर मांडी घालून, काचेकडे पाठ करून बसली होती. "तू बघ. मला सांग."

त्यानं तिच्यासाठी आणलेली दुर्बीण आपल्याच डोळ्यांना लावली. पूल, बोटी, लाल बस... आणि कठड्यापाशी त्याची रांग.

रांग पुढे सरकत होती.

"काय झालं?" आवडाईनं विचारलं. ती तर वळलीसुद्धा नव्हती.

"काही नाही. थंडीनं हलत असतील."

पण रांग हलत नव्हती, सरकत होती. पुढचा माणूस वाकायचा, उठायचा, बाजूला व्हायचा, की दुसरा पुढे. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. पांढरा सदरा, निळी शाल. एका बाईनं गळ्यात हार घातला. त्या माणसानं शालीचं टोक डाव्या खांद्यावरून मागे टाकलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तसं शालीचं टोक टाकायची लकब एकाच माणसाची होती. पद्माकरचा हात आपल्या खांद्यावर गेला. शाल तिथंच होती, तरी खांदा गार पडला होता.

डबा अगदी वर पोचला.

"तुझ्या आत कोन हाय?"

पाठ केलेलं उत्तर त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. कारण आता ते खरं वाटायला लागलं होतं.

"आई... खाली कुणीतरी बसलंय."

"मी खालचं इचारलं न्हाई."

त्यानं घाईघाईनं फोन काढला. रांगेची व्यवस्था श्रीखंड्यांकडे होती. फोन लगेच उचलला गेला, पण आवाज कुजबुजता.

"आत्ता नको हं. दादा अनुग्रह देतायत."

"श्रीखंडे, अहो, मी बोलतोय. मी दादा!"

श्रीखंडे दुखावल्यासारखे म्हणाले, "अशी चेष्टा बरी नव्हे. ते माझ्यासमोर बसलेत." फोन बंद झाला.

पद्माकर घाबरला होता, लहानपणी जत्रेत हरवला होता तेव्हाही इतका नव्हता. आपण आहोत हे तरी दिसावं म्हणून त्यानं काचेत पाहिलं. काचेत आवडाईची वाकलेली पाठ दिसत होती, तिचा पांढरा अंबाडा दिसत होता. त्यापुढे आभाळ.

"आई, तो मी नाही! त्याला कुणी सांगितलं द्यायला? अजून अनुमती कुठं आहे?"

"त्यानं मागितली न्हाई," आवडाई म्हणाली. "तू मागतुयास."

डबा उतरू लागला. पूल वर आला, झाडांचे शेंडे आले. आता दुर्बिणीची गरज नव्हती. खुर्चीतला माणूस हसतमुख होता, प्रसन्न होता. भक्त डोळे पुसत बाजूला होत होते. दादांचं काही अडलेलं नव्हतं.

"तुझ्या आत कोन हाय?" तिसऱ्यांदा.

पद्माकर शोधत राहिला. त्यानं छातीवर हात ठेवून पाहिला. काहीतरी धडधडत होतं, पण ते कुणाचं, हे सांगता येईना.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही, आई."

आवडाईनं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवी काखोटीला मारून ती उठली.

दार सरकलं. चालत्या डब्यातून म्हातारी सहज फलाटावर उतरली. पद्माकरचे पाय उंबऱ्याशीच खिळले. समोर, रांगेच्या टोकाला, खुर्चीतल्या माणसानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि ओळख नसल्यासारखी नजर फिरवली.

"आई, मी... मी आता काय करू?"

आवडाई मागे न वळता म्हणाली, "रांगेत उभा ऱ्हा."