रुळांवर गप्प होणारा रेडिओ

“मग उस्ताद, पाटीवर तुमचं नाव घालू न्हवं?”

भीमगोंडाने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. मिरजेत इब्राहिम उस्तादांच्या हाताखाली सहा वर्षं तो गाड्यांचं वायरिंग शिकला होता. पुढच्या सोमवारी त्याचं स्वतःचं दुकान उघडायचं होतं आणि पेंटर खोळंबला होता. ‘उस्ताद इब्राहिम यांचे शिष्य’ एवढी एक ओळ मिळाली की गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत येणार, याची त्याला खात्री होती.

उस्ताद चहा फुंकत राहिले.

तेवढ्यात हिरेमठबाईंची गाडी दारात आली. बाई निवृत्त शिक्षिका. गाडी त्याच चालवायच्या, कारण शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांची नजर पार गेली होती. सरांचा सारा दिवस आता कानांवरच चालायचा.

“रेडिओ परत बंद पडतोय,” बाई म्हणाल्या.

भीमगोंडाच्या कपाळाला आठी पडली. कंपनीनेच बसवून दिलेला रेडिओ. त्याने एकदा फ्यूज बदलला होता, एकदा अँटेना. गेल्या खेपेला तो दुकानात छान वाजला, तेव्हा सरांना म्हणाला होता, “आजोबा, वय झालं की कमीच ऐकू येतं.” नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

“कधी बंद पडतो, बाई?” उस्तादांनी विचारलं.

“फाटकापाशी. रुळांवरून जाताना धक्का बसला की गप्प. मग आपला आपणच सुरू होतो. दोन्ही वेळा सांगितलं होतं मी या तुमच्या भीमगोंडाला.”

उस्तादांनी भीमगोंडाकडे पाहिलं. त्याला काही आठवेना.

“खोल,” उस्ताद म्हणाले.

त्याने रेडिओ बाहेर ओढला. मागच्या वायरला हात लागताच रेडिओचा दिवा विझला, पुन्हा लागला. तिथला जोड सैल होता. नुसता पीळ दिलेला, सोल्डरचा टिपूस नाही, आणि वर धुळीने माखलेली टेप.

“हे बघा!” तो रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. “कुठल्या गाढवानं केलंय हे? असल्यांचे हात बांधून ठेवायला पाहिजेत!”

मग त्याने अंगठ्याने धूळ पुसली...

टेप हिरवी होती. तिचं शेवटचं टोक दुमडलेलं होतं, पुन्हा सोडवताना नख लावावं लागू नये म्हणून. अख्ख्या दुकानात तशी घडी घालणारा एकच माणूस होता. गेल्या दिवाळीत याच गाडीत मोबाईल चार्जिंगचा सॉकेट बसवताना त्याने स्वतःच इथून वायर काढली होती. बाहेर फटाके वाजत होते आणि त्याला घरी जायची घाई होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“कोणी केलंय म्हणे?” सरांनी आतून विचारलं.

भीमगोंडाने टेपवर अंगठा दाबून धरला...

“मी केलंय, सर,” उस्ताद म्हणाले. न दिसणाऱ्या माणसापुढे त्यांनी दोन्ही हात जोडले. “चुकलं माझं.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो.”

“असू दे गं,” सर म्हणाले. “वय झालं असेल त्यांचं.”

आता बोलावं, आत्ता बोलावं, असं भीमगोंडाला वाटत होतं. पण खाली मान घालून त्याने तो जोड सोल्डर केला, रेडिओ जागेवर बसवला. स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

गाडी निघाली. समोरच्या फाटकातून रुळांवर चढली, दणका बसला... उघड्या काचेतून गाणं ऐकू येतच राहिलं.

“उस्ताद,” तो म्हणाला, “काम माझं होतं. तुम्ही खोटं का बोललात?”

उस्तादांनी गार झालेला चहा संपवला.

“खोटं कुठं? पाटीवर माझं नाव घालू का, हेच विचारत होतास ना सकाळपासून... त्या टेपखाली ते कधीच घालून झालंय.”